सोनईची कानस

"मिस्त्री, तुम्ही म्हणे डॉक्टरांची हत्यारं करायचात," असं कुणी विचारलं की मी आधी त्याची चूक सुधारतो. हत्यारं नव्हे, हत्यार. एकच. बाकी जन्मभर मी संगमनेरात लेथवर ऑइल इंजिनांचे शाफ्ट घासले, उसाच्या चरकांचे रूळ खरवडले आणि पंपांच्या बेअरिंगांना शिव्या घातल्या. ती कामं चोख केली, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात ते त्या एका कानशीबद्दल, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सुरुवात माझ्या पुलरच्या आंघोळीने झाली. सत्तरच्या पुढची दोनतीन वर्षं आमच्याकडे पावसाने पाठ फिरवली होती, त्यातली गोष्ट. भर दुपारी दवाखान्याचा कंपाउंडर सायकल आडवी टाकून दुकानात शिरला आणि म्हणाला, डॉक्टर सबनिसांनी पुलर घेऊन लगेच बोलावलंय. शाफ्टवर घट्ट बसलेलं बेअरिंग ओढून काढायचं तिपायी साधन म्हणजे पुलर. मला वाटलं, जनरेटर बसला. म्हणून पुलर, पाइप पान्हा आणि हातोडा पिशवीत टाकून गेलो, तर कंपाउंडरने जनरेटरच्या खोलीकडे वळूच दिलं नाही. थेट ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं.

शांता सिस्टर बाहेर आल्या, पिशवीत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. पुलरवर वर्षानुवर्षांचं ग्रीस होतं. याला जन्मल्यावर तरी आंघोळ घातली होती का, असं त्यांनी मला विचारलं. मग साबण, ब्रश, राख, पुन्हा साबण, आणि शेवटी उकळत्या पाण्याचं भांडं. माझ्यावरही तोच प्रयोग झाला, उकळणं सोडून. हिरवा झगा आणि तोंडावर फडकं बांधून मी आत गेलो तेव्हा मला कळलं की काय अडकलंय ते. टेबलावर कुशीवर झोपवलेल्या माणसाच्या उघड्या मांडीतून एक लोखंडी मूठ वर आली होती.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. मांडीचं हाड वर खुब्यापाशी जरा आत वाकतं आणि त्याच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा गोळा असतो. तो कमरेच्या वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, बसतो. म्हातारं माणूस पडलं की या गोळ्याखालची मान मोडते आणि ती सहसा जुळत नाही. तेव्हा अशी मान मोडली की घरचे खाट मांडत आणि काय ते समजून घेत. सबनीस डॉक्टर मुंबईत नवं शिकून आले होते. मोडका गोळा काढायचा आणि त्या जागी धातूचा चकचकीत गोळा बसवायचा. त्या गोळ्याला खाली लांब चपटी दांडी असते, ती मांडीच्या पोकळ हाडात ठोकून घालायची. पण हाडाची पोकळी काही दांडीच्या मापाने देवाने केलेली नसते. ती आधी दांडीच्याच आकाराच्या कानशीने घासून मोकळी करावी लागते. डॉक्टरांची तसली परदेशी कानस आत ठोकली गेली होती आणि आता बाहेर येत नव्हती.

पुलर बघून डॉक्टरांच्या डोळ्यांत आशा आली. मी मात्र पाहताक्षणी ओळखलं की याचा उपयोग शून्य. पुलरला ओढायला कशावर तरी टेकावं लागतं, आणि इथे टेकायला फक्त त्या माणसाचं हाड. शेवटी पाइप पान्हा मुठीला आवळून धरला आणि डॉक्टरांनी पान्ह्यावर खालून हातोडा मारला. कानस आली. येताना लाकूड तडकतं तसा आवाज झाला. हाड उभं चिरलं होतं. धातूचा गोळा त्यात बसणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी जखम शिवली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि जाताना पुलर तिथेच विसरलो.

ते गृहस्थ सोनईचे रंगनाथबाबा. शेती आणि वर धान्याचा थोडा व्यापार. पायाला दोरी, दोरीला वजन, असे ते दवाखान्याच्या व्हरांड्यात कैक महिने पडून राहिले. चिरलेलं हाड जुळलं, पण मान मोडकीच राहिली आणि पाय आखूड झाला. माणूस असा की तोंडात कधी कुरकुर नाही. फक्त मी दिसलो की ओरडायचे, "या मिस्त्री, आज कुनाचं काय उपसायला आला?" सगळा व्हरांडा हसायचा, मीही हसायचो. आतून मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांनी ती कानस माझ्या दुकानात आणून टाकली आणि विचारलं, ही का अडकते? हा प्रश्न मला फार आवडला. कारण ते "दुरुस्त करा" म्हणाले नाहीत, "का" म्हणाले. मग रोज संध्याकाळी दवाखाना उरकून ते दुकानात येऊन बसू लागले. मी तोंडाचा फटकळ, ते हट्टी. आमचं जमलं असं नव्हे, पण भांडण रंगलं. कानस आपल्या लोकांच्या हाडांना जाड होती, हे त्यांचं म्हणणं. ठोकून आत जाते पण उलटी ठोकायला तिला काही सोयच नाही, हे माझं. दोघांचंही खरं होतं. त्यांनी क्ष-किरणांच्या फोटोंवरून मापं काढली. मी साखर कारखान्याच्या भंगारातून पंपाचा एक स्टेनलेस शाफ्ट उचलून आणला, कारण साधं पोलाद उकळत्या पाण्यात चार दिवसांत गंजतं. त्यातून बारीक अंगाची कानस कोरली, छन्नीने एकेक दाता पाडला आणि मग तापवून तेलात बुडवून तिला पाणी दिलं, म्हणजे कडक केलं. मुठीच्या मागे एक दांडी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारं वजन. वजन मागे झटकलं की कानस उलटी ठोकली जाणार, पान्ह्याची भानगड नको.

परदेशात हत्यार ज्याने सुधारलं त्याचं नाव हत्याराला देतात, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं. त्या दिवशी चहा झाल्यावर कानस या हातातून त्या हातात फिरत राहिली. ते काय विचार करत होते ते त्यांना ठाऊक. मी माझं नाव मुठीवर कसं मावेल ते बघत होतो.

आता परीक्षा घ्यायची तर हाडं हवीत. त्या साली हाडांना काय तोटा! चाऱ्यावाचून जनावरं पडली होती आणि माळावर जिकडे तिकडे पांढरी हाडं उन्हात पडलेली. डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे पोतं घेऊन मी बसायचो. वासराच्या मांडीचं हाड जाडीला माणसाच्या जवळपास जातं, म्हणून आम्ही तेवढीच निवडून घ्यायचो. शिकलेला डॉक्टर आणि लेथवाला माळावर हाडं निवडतायत, हे बघून एका गुराख्याने गुरं हाकत पळ काढला. गावात चार दिवस काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. आमच्या घरी तर बायकोने मला अंगणातच आंघोळ करायला लावली आणि ताट वेगळं काढलं.

पण कानस काय चालली म्हणून सांगू! वाइसच्या लोखंडी जबड्यात हाड आवळायचं, कानस ठोकायची, झटका द्यायचा, की बाहेर. जात्यातून पीठ पडावं तशी भुकटी पडायची. आत, बाहेर, आत, बाहेर. एकदाही अडकली नाही. डॉक्टर लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा स्वतः ठोकून बघायचे. आम्ही दोघं इतके खूश होतो की आपण कशावर परीक्षा घेतोय हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या आधी पुणतांब्याच्या चंद्रभागाबाई दवाखान्यात आल्या. त्या साली गोदावरी आटून डबकी उरली होती, त्यामुळे पाण्यासाठी घाटाच्या पार खालच्या पायऱ्यांपर्यंत उतरावं लागायचं. तिथे शेवाळावर पाय गेला आणि खुब्याची मान मोडली. नवरा नव्हता, मुलगा लांब नोकरीला, घरची शेती याच बघायच्या. नव्या कानशीने पहिलं ऑपरेशन यांचं, सण झाल्यावर सोमवारी, असं ठरलं. मी डॉक्टरांना कानस दाखवायला गेलो तेव्हा बाईंनी ती हातात मागितली आणि रंगनाथबाबांच्या खाटेकडे हनुवटी करून विचारलं, "त्येंच्यात अडाकली ती हीच का?" मी छाती काढून सांगितलं की नाही, ही अगदी नवी आहे. त्यांनी दात्यांवरून बोट फिरवलं. "नवी म्हंजी आजून कुनाच्यात घातल्याली न्हाई," त्या म्हणाल्या आणि कानस मला परत दिली. मला राग आला होता. पण खोट काढायला जागा नव्हती.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, त्यांचा आरामाचा दिवस. त्या वर्षी मधोमध ती कानस ठेवली, झेंडूची मोठी माळ तिलाच. बायकोने ओलं हळदकुंकू बोटांनी सढळ हाताने लावलं. माझं ताट वेगळं काढल्याचं ती विसरली असावी. दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा झाली आणि सोमवारसाठी कानस स्वच्छ करायला मी ब्रश घेऊन बसलो.

कुंकू निघेना. दात्यांच्या ओळीओळीत ओलं हळदकुंकू असं गच्च बसलं होतं की दाते आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. वरून बोट फिरवलं तर लोखंडी पट्टी गुळगुळीत लागावी तशी. फक्त टोकापाशी एका जागी, जिथे दाते पाडताना माझी छन्नी घसरून दोन ओळींना तिरका छेद गेला होता, तिथलं कुंकू एका टिचकीने पडलं. मला आधी गंमत वाटली. इतके दिवस हाडं घासली तरी जिचे दाते स्वच्छ, ती दोन चिमटी कुंकवाने बुजली! आणि मग ब्रश खाली ठेवला. कारण हाडं वाळलेली होती आणि कुंकू ओलं होतं. चंद्रभागाबाई जिवंत होत्या.

तसाच उठून खाटीक गल्लीत गेलो. रेडकाच्या मांडीचं ताजं हाड आणलं, वाइसमध्ये धरलं, कानस ठोकली. जिवंत हाडात चरबी असते, रक्त असतं. भुकटी पडलीच नाही. तिचा लगदा झाला, दात्यांत भरला, आणि दोनचार ठोक्यांत माझी लाडकी कानस ही कानस न राहता नुसती पाचर झाली. घट्ट बसली. झटक्याच्या वजनाला हात घातला आणि थांबलो. म्हटलं, हे डॉक्टरांनी स्वतःच बघायला हवं.

सबनिसांच्या घरी सोनं द्यायला आलेली मंडळी बसली होती. आपट्याची पानं, पेढे, नव्या साड्या, अत्तराचा वास. मी फडक्यात गुंडाळलेलं हाड तिपाईवर उघडं ठेवलं. वहिनींनी पेढ्यांचं ताट उचललं, मंडळी भराभर उठली. डॉक्टर हाडाकडे बघत राहिले. मग कोचावर बसूनच त्यांनी एका हाताने हाड दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने वजन झटकलं. पहिल्याने आली नाही. दुसऱ्या झटक्याला कानस आली, आणि तोच आवाज. हाड उभं चिरलं.

"सोमवारी हे आपण त्या बाईंच्या मांडीत घालणार होतो," डॉक्टर म्हणाले.

मी म्हणालो, "कुंकवाने वाचवलं." मग त्यांना टोकाची ती घसरलेली जागा दाखवली. तिथे आताही लगदा नव्हता. डॉक्टरांनी चष्मा वर करून ती जागा इतका वेळ बघितली की चहा निवून गेला.

सोमवार पुढे ढकलला. फार ढकलता येत नव्हता, बाईंच्या पाठीला खाटेचे चट्टे पडू लागले होते. मी नवीन कानस करायला घेतली. दात्यांच्या ओळी सरळ सलग ठेवायच्याच नाहीत, प्रत्येक ओळीला तिरके छेद द्यायचे, आणि दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत एक पन्हळ कोरायची, म्हणजे लगदा छेदांतून पन्हळीत येईल आणि वर सरकेल. घसरलेल्या छन्नीने जे फुकट करून दाखवलं होतं ते आता मुद्दाम करायला घाम फुटला. एक कानस पाणी देताना वाकली, ती फेकली. दुसरी ओल्या हाडात बरी चालली पण खोल गेल्यावर अडखळली, तेव्हा पन्हळ आणखी रुंद केली. दुकानात असा वास सुटला की गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच बोलायची. शेवटची मात्र ओल्या हाडात गेली आणि आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. पन्हळीतून लगदा वर सरकताना दिसला तेव्हा मी एकटाच दुकानात "आली रे आली" म्हणून ओरडलो, आणि समोरचा शिंपी शिवण टाकून बघायला आला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी मला आत उभं केलं, भिंतीला चिकटून, कशालाही हात न लावण्याच्या बोलीवर. शांता सिस्टरनी विचारलं, पाइप पान्हा उकळून ठेवू का? डॉक्टर म्हणाले, ठेवा. मला ते लागलं. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

मी हाताला काम नसताना कान उघडे ठेवतो, ही लेथची सवय. पहिले ठोके बोदे होते. कानस खोल जाऊ लागली तसा आवाज चढत गेला, खणखणीत होत गेला. रंगनाथबाबांच्या वेळीही असाच आवाज चढला आणि मग ती परदेशी कानस अडकली, असं डॉक्टर सांगायचे. डॉक्टर थांबले. त्यांनी वजनाला हात घातला. झटका. कानस बाहेर आली. पन्हळीत लाल लगदा, दाते उघडे. सिस्टरनी पुसून परत दिली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग चकचकीत गोळ्याची दांडी हाडात जाऊन बसली आणि हाड अखंड राहिलं. पान्हा भांड्यात तसाच राहिला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. फडक्याआड हसले असावेत, डोळे तसे दिसत होते.

चंद्रभागाबाई काठीवर उभ्या राहिल्या त्या दिवशी व्हरांड्यातले सगळे बघत होते. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही असं बजावलं, तर मंग जेवायचं कसं, असा त्यांनी उलट वाद घातला. मी त्यांना उंच पाट करून दिला. त्या चालत खोलीत गेल्या आणि मी वळलो, तर रंगनाथबाबा माझ्याकडे बघत होते. आज ओरडले नव्हते. त्यांनी हात पुढे केला. धार लावायला नेत होतो ती कानस मी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती बैलाचे दात बघावेत तशी उलटसुलट करून पाहिली, पन्हळीतून नख फिरवलं. मग विचारलं, "माज्यात घातली ती अशी न्हवती?"

"नव्हती, बाबा."

"मंग ही आदी का न्हाई केली?"

मला उत्तरं शोधावी लागत नाहीत, उलट ती आवरावी लागतात. त्या वेळी मात्र खोटं बोलावं असं वाटलं नाही. म्हणालो, "ती तुमच्यात अडकली, तेव्हा ही करायचं सुचलं."

बाबांनी कानस मांडीवर आडवी ठेवली. त्यांचा आखूड पाय चादरीखालीही आखूड दिसत होता. मला वाटलं, आता शिवी येणार, आणि ती घ्यायची माझी तयारी होती. त्यांनी कानस माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाले, "मंग निम्मी माजी हाय."

मी हो म्हणालो. दुकानात येईपर्यंत डोळे पुसत होतो, हे सांगायला मला लाज नाही.

मुठीवर नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न मग उरलाच नाही. बाबांचं घालू असं डॉक्टरांना सांगितलं, तेही लगेच हो म्हणाले. बाबांना स्वतःचं नाव नको होतं, त्यांना ते मेलेल्या माणसाच्या आठवणीत वाटलेल्या भांड्यावर घालतात तसं वाटलं. म्हणून मी छन्नीने गावाचं नाव कोरलं, सोनई. पुढच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "सोनई द्या." शांता सिस्टरनी दिली. तेव्हापासून त्या खोलीत तिला कानस कुणी म्हटलंच नाही. नंतरच्या कित्येक नर्सना ते नाव कुठून आलं हेही माहीत नव्हतं.

एकदा चिरलेल्या हाडात पुन्हा ठोकायला नको, म्हणून बाबा तसेच दोन काठ्यांवर घरी गेले. वर्षभराने पाय दाखवायला आले, तेव्हा सिस्टरनी त्यांना मुठीवरची अक्षरं दाखवली आणि मलाही बोलावून घेतलं. बाबांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. ते खूश होतील, चार लोकांना सांगतील, असं मला वाटत होतं. ते माझ्याकडे वळले आणि चेहरा अगदी गंभीर करून म्हणाले, "गावाचं नाव घातलंय, मिस्त्री. आता कुनाच्यात अडकू दिऊ नका."

ती कानस दात्यांना धार लावायला माझ्याकडे येत राहिली, मी दुकान बंद करेपर्यंत. दर वेळी धार लावली की मी आधी खाटीक गल्लीत जायचो, ताजं ओलं हाड आणायचो, आणि त्यातून ती बाहेर आली तरच दवाखान्यात पाठवायचो.